बायपोलर आणि थायरॉइड, दोन्ही सोबत असताना

रानजाई

मला बायपोलर डिसऑर्डर आहे (मन कधी फार वर तर कधी फार खाली जाण्याचा आजार) आणि हायपोथायरॉइडही, म्हणजे थायरॉइड मंद. दोन्हींवर वेगवेगळं भरपूर लिहिलेलं सापडतं, पण दोन्ही एकाच अंगात मुक्कामाला असले की रोजचं जगणं कसं चालतं यावर मराठीत फारसं कुणी बोललेलं दिसलं नाही. म्हणून हा धागा काढते आहे. मी डॉक्टर नाही. इथे लिहिते ते माझ्या दोन्ही डॉक्टरांकडून समजून घेतलेलं, वाचलेलं आणि भोगलेलं आहे.

सगळ्यात जास्त छळते ती लक्षणांची सरमिसळ. थायरॉइड मंदावलं की थकवा येतो, कितीही झोपलं तरी झोप पुरत नाही, डोकं संथ चालतं, वजन वाढतं, कशातच मन रमत नाही. डिप्रेशनमध्येही नेमकं हेच होतं. उलट थायरॉइड जास्त झालं की झोप उडते, छातीत धडधडतं, हात थरथरतात, बारीकसारीक गोष्टीवरून भडका उडतो. अशा वेळी घरच्यांच्या मनात पहिला विचार मॅनियाचाच, म्हणजे बायपोलरमधल्या उसळीचाच येणार, त्यात त्यांची चूक नाही.

एकदा बायपोलरचा शिक्का बसला की पुढची प्रत्येक तक्रार त्याच खात्यात जमा होते. थकलीस? डिप्रेशन. चिडलीस? हायपोमॅनिया, म्हणजे सौम्य मॅनिया. मला यातून वाट सापडली ती अशी, की आपल्या आजाराचा आपल्यापुरता एक ठरलेला साचा असतो. माझं डिप्रेशन कसं येतं हे मला पाठ आहे: आधी पहाटे जाग यायला लागते, मग फोन उचलावासा वाटत नाही, मग आंघोळ टळते. दर वेळी हाच क्रम. थायरॉइडचं कळलं त्या खेपेला मात्र पहाटे जाग येत नव्हती, उलट दहा-दहा तास झोपूनही डोळे उघडत नव्हते. सगळे पंख्याखाली बसलेले आणि मी अंगावर शाल घेऊन. बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. कंगव्यात अडकलेला केसांचा पुंजका मी नवऱ्याला दाखवला तेव्हा तो बघत राहिला आणि म्हणाला, "हे मागच्या डिप्रेशनमध्ये नव्हतं गं. रक्त तपासून घेऊ." टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) चांगलाच वाढलेला निघाला, टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) खाली गेलेलं.

तेव्हापासून मी एवढं धरून चालते: आपल्या साच्याबाहेरचं काही दिसलं की औषध वाढवण्याआधी रक्त तपासून घ्यायचं.

आता हे झालं कशामुळे, तर माझ्या बाबतीत बहुतेक लिथियममुळे, बायपोलरसाठी मी घेते त्या औषधामुळे. लिथियम रक्तातून थायरॉइड ग्रंथीत जाऊन साठतं आणि तयार झालेलं हार्मोन बाहेर सोडण्याच्या कामात अडथळा आणतं. मग मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच वाढवून थायरॉइडला ढोसत राहते. काहींची ग्रंथी तेवढ्यावर निभावून नेते, काहींची गळ्याशी सुजते म्हणजे गलगंड होतो, काहींचं हार्मोन कमीच पडायला लागतं. बायकांमध्ये, वय वाढलेल्यांमध्ये, घरात थायरॉइडचा इतिहास असलेल्यांमध्ये आणि ज्यांच्या रक्तात थायरॉइडविरोधी अँटिबॉडी आधीपासून आहेत त्यांच्यात हे जास्त होतं. माझ्या आईला थायरॉइड आहे, म्हणजे माझ्याकडे जमीन तयारच होती.

आणि तरी मी लिथियम सोडलेलं नाही. त्याबद्दल पुढे लिहीनच. आधी तुमचे अनुभव सांगा. दोन्ही आजार असलेल्यांनी तर लिहाच, सांभाळणाऱ्यांनीही लिहा.

अवकाश

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी सांभाळणाऱ्यांपैकी. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे आणि आमच्याकडे उलटी तऱ्हा झाली, त्याचं थायरॉइड वाढलं होतं.

तो रात्र रात्र जागायला लागला. भरभर बोलणं, येरझाऱ्या, कुणी काही म्हटलं की अंगावर येणं. आम्ही धरूनच चाललो की मॅनिया आला. तेव्हाच्या डॉक्टरांनीही मूडच्या गोळ्यांचा डोस वाढवला. झोप थोडी आली, बाकी काही फरक नाही. खटकत होतं ते वेगळंच. मॅनियात माझा भाऊ थकत नाही, कधीच. तीन तास झोपून उठतो आणि नवा धंदा काढायच्या गप्पा मारतो, स्वतःवर खूश असतो. या वेळी तो दमलेला होता. जिना चढला की धापा टाकायचा. घामाने शर्ट भिजलेला, तळवे ओले. दुप्पट जेवत होता आणि पँट कमरेवरून घसरत होती. खूश तर अजिबात नव्हता, म्हणायचा, "दादा, मला झोपायचंय रे, पण आतून कुणीतरी पळवतंय."

आईने त्याची नाडी मोजली. शांत पडून असतानाही ती शंभरच्या वर. मग दुसऱ्या डॉक्टरांनी थायरॉइड तपासायला सांगितलं. टीएसएच जवळजवळ शून्य. ग्रेव्ह्जचा आजार निघाला, म्हणजे थायरॉइड जास्त काम करण्याचा. थायरॉइड आवरायला कार्बिमाझोल आणि धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं. काही आठवड्यांत पळवणारा तो 'कुणीतरी' शांत झाला.

सांभाळणाऱ्यांना एवढंच सांगेन की नाडी मोजायला शिका. मनगटावर तीन बोटं ठेवून, घड्याळ समोर धरून, एक पूर्ण मिनिट. माणूस झोपेत असताना मोजता आली तर उत्तमच, कारण घाबरल्यामुळे वाढलेली नाडी झोपेत खाली येते, थायरॉइडमुळे वाढलेली बऱ्याचदा येत नाही. त्यावरून निदान करायचं नाही, पण डॉक्टरांपुढे मांडायला हातात काहीतरी ठोस असतं.

सांजवारा

वाचतोय. वाचनखूण साठवली. अवकाश, भाऊ आता कसा आहे?

अवकाश

बरा आहे. थायरॉइड आटोक्यात आल्यावर वाढवलेला डोस डॉक्टरांनी हळूहळू खाली आणला. मूडची मूळ औषधं मात्र चालूच आहेत. दोन आजार आहेत, एक सापडला म्हणून दुसरा खोटा ठरत नाही, हे त्याला पटायला वेळ लागला.

पाऊलखूण

रानजाई, अगदी माझ्या मनातलं लिहिलंस. मला बायपोलर टाइप दोन. टीएसएच सहाच्या आसपास आला आहे आणि टी४ नॉर्मल. फॅमिली डॉक्टर म्हणतात, "इतक्यावर गोळी लागत नाही, तीन महिन्यांनी बघू." सायकिअॅट्रिस्ट म्हणतात, "तुमच्या बाबतीत मी वाट बघणार नाही." दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, निरोप्या मी. कुणाचं ऐकू? सध्या डिप्रेशन आहे, त्यामुळे ठरवण्याची ताकदही नाही.

मनडोह

मी सायकिअॅट्रिस्ट आहे. इथे कुणाला डोस सांगणार नाही, पण समज यावी म्हणून लिहितो.

पाऊलखूण, टीएसएच वाढलेला आणि टी४ नॉर्मल याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. टीएसएचची सर्वसाधारण मर्यादा ०.४ ते ४ धरतात, प्रयोगशाळेगणिक थोडी इकडेतिकडे. ज्याला बाकी काही आजार नाही अशा माणसाचा टीएसएच सहा असेल तर थांबून पुन्हा तपासणं योग्यच, कारण बऱ्याच जणांचा तो आपोआप खाली येतो. तुमचे फॅमिली डॉक्टर चुकीचं सांगत नाहीत. पण बायपोलरमध्ये, त्यातही डिप्रेशन चालू असताना आणि लिथियम घेत असताना, आमचा उंबरठा खाली असतो. थायरॉइड थोडं जरी कमी पडत असलं तरी डिप्रेशन लवकर हटत नाही असं दिसतं. म्हणजे तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एक जण सरासरी माणसाबद्दल बोलतो आहे आणि दुसरा तुमच्याबद्दल. अँटिबॉडीची तपासणी, अँटी-टीपीओ म्हणतात ती, झाली नसेल तर करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर टीएसएच पुढे चढत जाण्याची शक्यता जास्त, आणि मग निर्णय सोपा होतो.

निरोप्या होणं बंद करा. सायकिअॅट्रिस्टना म्हणा, "दोन ओळी लिहून द्या." दोन ओळींची चिठ्ठी रुग्णाच्या तोंडी निरोपापेक्षा दहापट काम करते.

दुसरा मुद्दा रॅपिड सायकलिंगचा. वर्षभरात मॅनिया-डिप्रेशनचे चार किंवा जास्त एपिसोड आले की ही संज्ञा वापरतात. डनर आणि फीव्ह यांनी १९७४ साली ती मांडली, लिथियमने ज्यांना हवा तसा गुण येत नव्हता अशा रुग्णांचं वर्णन करताना. पुढे अशा रुग्णांमध्ये थायरॉइड मंद असल्याचं प्रमाण जास्त आढळल्याचे अभ्यास आले, काही अभ्यासांत तसं दिसलं नाही. वाद मिटलेला नाही, पण एपिसोड अचानक दाटीने यायला लागले तर थायरॉइड तपासायचंच, यावर वाद नाही. त्याच सुमारास कुणी अँटिडिप्रेसंट सुरू केलं आहे का हेही बघावं, कारण तेही चक्राचा वेग वाढवू शकतं.

तपासणीबद्दल. लिथियम सुरू करण्याआधी टीएसएच, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि कॅल्शियम हवंच. त्यानंतर साधारण दर सहा महिन्यांनी, मूड बिघडला तर आधीच. लिथियमची रक्तातली लेव्हल वेगळी. डोस बदलल्यावर पाच-सात दिवसांनी, आणि शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. ही वेळ चुकली की आकडा फसवा येतो आणि त्या फसव्या आकड्यावर डोस बदलला जातो. दीर्घकाळासाठी लेव्हल बहुधा ०.६ ते ०.८ दरम्यान ठेवतात, काहींना १ पर्यंत लागते. १.५ च्या वर विषबाधेची भीती, वयस्कांना त्याहून खालीही त्रास होतो.

थायरॉइड फार मंदावलं तर मूत्रपिंडाची गाळण्याची गतीही उतरते आणि लिथियम अंगात साठायला लागतं. म्हणून या दोन आजारांचे रिपोर्ट वेगवेगळ्या फायलींत ठेवू नयेत, एकत्र वाचावेत.

पाऊलखूण

डॉक्टर, "सरासरी माणूस आणि तुम्ही" हे वाचून डोळे भरून आले. चिठ्ठी मागते.

ठामपणे

मला बायपोलर नाही, थायरॉइड आहे, आणि मला एक प्रामाणिक प्रश्न पडला आहे. राग मानू नका. रानजाई, तुमचं थायरॉइड लिथियममुळे बिघडलं. थायरॉइड बिघडल्यामुळे उदासी आली. मग मुळात लिथियमच बंद केलं तर दोन्ही प्रश्न सुटणार नाहीत का? माझ्या ओळखीत एकींना वर्षानुवर्षं डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या, थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि त्या ठणठणीत झाल्या. म्हणजे आजार मनाचा नव्हताच. तुमचंही तसंच नसेल कशावरून?

रानजाई

ठामपणे, राग मुळीच नाही. हा प्रश्न माझ्या सासूबाईंनी विचारला आहे, भावाने विचारला आहे आणि मी स्वतःलाही विचारला आहे. उत्तर सविस्तर देते, कारण या वळणावर माणसं घसरतात.

तुमच्या ओळखीच्या बाईंचं खरं असणार. थायरॉइडमुळे मन बिघडतं हे शंभर वर्षांहून जुनं ज्ञान आहे. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीने १८८८ मध्येच मिक्सिडिमाच्या रुग्णांत भ्रम आणि वेडाची लक्षणं नोंदवली होती. मिक्सिडिमा म्हणजे थायरॉइड अगदी पार मंदावल्यावरची अवस्था. १९४९ मध्ये रिचर्ड अॅशर या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ रुग्णांची हकिगत लिहिली. यातले काही जण मनोरुग्ण समजले जात होते आणि थायरॉइडचा अर्क दिल्यावर बहुतेकांची मनं ताळ्यावर आली. योगायोग असा की त्याच १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मॅनियाच्या दहा रुग्णांवर लिथियमचा उपयोग झाल्याचं प्रसिद्ध केलं. माझ्या दोन गोळ्यांच्या कहाण्या एकाच वर्षात शेजारी शेजारी छापल्या गेल्या आहेत, आणि मला दोन्ही लागतात.

कारण माझा पहिला मॅनिया आला तेव्हा मी लिथियमचं नावही ऐकलं नव्हतं आणि थायरॉइड अगदी व्यवस्थित होतं. तपासलं होतं तेव्हाच. त्या एपिसोडमध्ये मी नोकरीचा राजीनामा दिला होता, घरातली कपाटं मध्यरात्री रिकामी करून सामान वाटून टाकलं होतं, आणि माझ्याइतकं शहाणं जगात कुणी नाही याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. ते टीएसएचने केलं नव्हतं. थायरॉइड नंतर आलं आणि त्याने आधीच्या आजारावर स्वतःची भर घातली.

लिथियम अचानक सोडलं की मॅनिया उसळून येण्याचा धोका मोठा असतो. आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत या औषधाइतका भक्कम पुरावा मूडच्या दुसऱ्या औषधांपाशी नाही. माझ्यापुरतं बोलायचं तर मी आज हे लिहायला जिवंत आहे त्यात त्याचा वाटा आहे. समोर एक छोटी गोळी आहे, ती सकाळी घेतली की थायरॉइडची कमतरता भरून निघते. तिच्यासाठी मी लिथियम टाकून देऊ? ज्यांना लिथियम मानवत नाही, मूत्रपिंडावर ताण येतो, त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत आणि तो निर्णय डॉक्टरसोबत, हळूहळू डोस उतरवत घेतात. "थायरॉइड निघालं, म्हणजे बायपोलर नव्हतंच" या आनंदात गोळ्या कचऱ्यात टाकणाऱ्यांची मला फार काळजी वाटते. तो आनंद मी समजू शकते. मनाच्या आजारापेक्षा गळ्यातल्या ग्रंथीचा आजार चारचौघांत सांगायला सोपा जातो ना.

मनडोह

रानजाईंना अनुमोदन. ठामपणे, तुमच्या प्रश्नात एक योग्य भाग आहे. पहिल्यांदाच डिप्रेशन किंवा मॅनिया आलेल्या प्रत्येकाचं थायरॉइड निदान पक्कं करण्याआधी तपासलं पाहिजे. फक्त थायरॉइडमुळेच ते झालं असेल तर बायपोलरचं लेबल लावू नये, हे निदानाच्या नियमांतच आहे. उलट बाजूचीही एक खबरदारी: तीव्र मॅनियात दाखल झालेल्या काही रुग्णांचं टी४ तात्पुरतं वाढलेलं दिसतं आणि दोनेक आठवड्यांत आपोआप खाली येतं. त्यामुळे पहिल्या दिवसाच्या एका रिपोर्टवर थायरॉइडची औषधं सुरू करण्याची घाई नसावी, पुन्हा तपासावं.

ठामपणे

पटलं. एवढ्या शांतपणे समजावून सांगितल्याबद्दल आभार.

गोकर्ण_निळी

दोन्ही गोळ्यांच्या वेळा कशा सांभाळता? माझा फार गोंधळ होतो. आणि थायरॉइडची गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले, मूड तिथेच आहे. गोळी लागू पडत नाहीये का?

रानजाई

तीन आठवडे कमी आहेत गं. थायरॉक्सिन, म्हणजे या गोळीतलं हार्मोन, शरीरात फार सावकाश बदलतं, अर्धं बाहेर जायलाच सुमारे आठवडा लागतो. म्हणून टीएसएच पुन्हा तपासतात ते सहा ते आठ आठवड्यांनी. आधी तपासलं तर अर्धवट चित्र दिसतं. मूड तर त्याच्याही मागून येतो. माझी आधी थंडी गेली, मग बद्धकोष्ठता गेली, आणि मन सगळ्यांत शेवटी हललं. मन हलायच्या आधी शरीर बरं होताना दिसतं, त्यावर लक्ष ठेव, धीर येतो.

मी थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याशी घेते आणि मग अर्धा-पाऊण तास चहा-कॉफीसुद्धा नाही. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या असतील तर त्या चार तासांनी, नाहीतर त्या थायरॉक्सिन शोषूच देत नाहीत. लिथियम रात्री जेवणानंतर. सकाळची गोळी उशाशी ठेवते, रात्रीची दात घासायच्या ब्रशजवळ. डिप्रेशनमध्ये उठून स्वयंपाकघरापर्यंत जाणंही डोंगराएवढं असतं, म्हणून उशाशी. केसांसाठी बायोटिन घेत असशील तर रक्त देण्याआधी ते किती दिवस बंद ठेवायचं हे विचारून घे, त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. आणि बरं वाटावं म्हणून थायरॉक्सिन मनाने वाढवू नकोस. आपल्यासारख्यांना ते जास्त झालं तर मॅनियाच्या तोंडाशी नेऊन उभं करतं.

सांजवारा

वजनाबद्दल कुणी बोलतच नाहीये. माझ्या बायकोचं वजन लिथियम, दुसरी एक मूडची गोळी आणि थायरॉइड अशा तिन्ही बाजूंनी वाढलं. नातेवाईक येता-जाता तिला "जरा हालचाल कर" म्हणतात. ती आरशासमोर उभी राहत नाही. गोळ्या बंद करायच्या विचारात आहे, केवळ यासाठी.

पाऊलखूण

सांजवारा, त्यांना सांगा की माझंही तसंच आहे. नातेवाइकांना मात्र तुम्ही सांगा, त्यांनी का सांगायचं?

मनडोह

सांजवारा, हे "फक्त वजन" नाही. गोळ्या सोडण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे, आणि आम्ही डॉक्टर त्याला पुरेसं मोजत नाही. पत्नींना घेऊन जा आणि स्पष्ट विचारा: टीएसएच खरंच आटोक्यात आहे का, दुसरी गोळी वजन न वाढवणाऱ्या एखाद्या गोळीने बदलता येईल का. बऱ्याचदा वाट निघते. वजन उतरवण्यासाठी मीठ एकदम तोडणं, उपाशी राहणं, घाम काढत राहणं हे लिथियमवर असताना धोक्याचं. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की लिथियमची लेव्हल चढते. हाच नियम जुलाब-उलट्यांत, तापात. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, त्याही लेव्हल चढवतात. रक्तदाबाची काही औषधंसुद्धा. थरथर जाडसर झाली, तोल जायला लागला, जीभ जड झाली, ग्लानी आली तर पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना गाठा.

थरथरीवरून आठवलं. लिथियमने हात बारीक थरथरतात, थायरॉइड जास्त झालं तरी थरथरतात, लेव्हल चढली की जास्त जोरात थरथरतात. कारणं तीन आणि उपाय तीन, म्हणून अंदाज न करता लेव्हल आणि टीएसएच एकत्रच पाठवा.

चांदणफूल

एवढा धागा वाचून लिहायचं धाडस करते आहे. आम्ही मुलाचा विचार करतोय. मी लिथियम आणि थायरॉक्सिन दोन्हीवर. सगळीकडून "गोळ्या बंद कर आणि मग विचार कर" असं ऐकू येतं. भीती वाटते.

मनडोह

चांदणफूल, विचार करतानाच विचारलंत हे फार चांगलं केलंत. दिवस राहिल्यावर घाईघाईत घेतलेले निर्णय वाईट ठरतात, आधी घेतलेले बरे.

थायरॉक्सिन बंद करायचं नाहीच. उलट गरोदरपणात त्याची गरज वाढते, पहिल्या महिन्यांत तर बाळाला आईचंच हार्मोन पुरतं, त्यामुळे दिवस राहिल्याचं कळताच टीएसएच तपासून डोस ठरवतात. लिथियमचा प्रश्न तोलून बघण्याचा आहे. पहिल्या तिमाहीत बाळाच्या हृदयातील दोषाचा धोका काहीसा वाढतो, डोस जास्त असेल तर जास्त, पण बंद केल्यावर आजार उलटण्याचा धोकाही खरा आहे. तुमचे आधीचे एपिसोड किती तीव्र होते यावर उत्तर अवलंबून असतं. कुणी व्हॅल्प्रोएट या मूडच्या दुसऱ्या औषधावर असेल तर मात्र आधीच बदलून घ्यावं, त्याचा बाळाला होणारा अपाय बराच मोठा आहे.

आणि बाळंतपणानंतरचं आत्ताच लिहून ठेवा, कारण तेव्हा कुणाला सुचत नाही. बायपोलर असलेल्या स्त्रीला बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आजार उलटण्याचा धोका सर्वात जास्त. त्याच पहिल्या वर्षात थायरॉइडलाही सूज येऊ शकते, आधी काही आठवडे हार्मोन जास्त, मग काही महिने कमी. म्हणजे आधी मॅनियासारखं आणि मग डिप्रेशनसारखं दिसणारं चित्र थायरॉइडही उभं करू शकतं, अगदी त्याच काळात. रात्रीची झोप कशी वाचवायची, बाळाला रात्री कोण घेणार, रक्त कधी तपासणार, कुठल्या खुणा दिसल्या की कुणाला फोन करायचा, हे सातव्या-आठव्या महिन्यातच घरच्यांसोबत बसून कागदावर उतरवा. सायकिअॅट्रिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि थायरॉइडचे डॉक्टर, तिघांकडे त्या कागदाची प्रत हवी.

चांदणफूल

"बंद कर" याशिवाय काही सांगणारं पहिलं माणूस भेटलं. नवऱ्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, रात्रीचं बाळ माझं.

अवकाश

वा! तुमच्या नवऱ्याला माझ्याकडून शाबासकी.

पाऊलखूण

कळवते. चिठ्ठी मिळाली, फॅमिली डॉक्टरांनी वाचली आणि स्वतःहून सायकिअॅट्रिस्टना फोन केला. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली. कमी डोसवर गोळी सुरू झाली. मूड अजून जमिनीवरच आहे. सहा आठवड्यांनी टीएसएच.

रानजाई, तू नोंदी कशा ठेवतेस ते सांगशील? डिप्रेशनमध्ये मला मोठी वही भरणं जमत नाही.

रानजाई

छान झालं! मोठी वही मलाही जमत नाही. महिन्याला एक पान. उभे रकाने तारखांचे. रोज फक्त तीन गोष्टी: किती तास झोपले, मूड उणे तीन ते अधिक तीन यातला कितवा, आणि गोळ्या घेतल्या की नाही याची खूण. खाली एक रिकामी ओळ, तिथे शरीराचं काही वेगळं असेल तर एकच शब्द: 'थंडी', 'धडधड', 'केस'. रक्त दिलं त्या तारखेला लाल गोल आणि शेजारी टीएसएच, लिथियम, क्रिएटिनिन. पाळीच्या तारखाही. अगदीच शक्ती नसेल तर फक्त झोप लिहिते, बाकी नवरा भरतो. तो मूडचा आकडा माझ्यापेक्षा वेगळा भरतो कधीकधी, आणि तेव्हा त्याचाच बरोबर निघतो, विशेषतः मी वर चाललेली असताना.

हे पान दोन्ही डॉक्टरांना दाखवते, पहिल्या मिनिटाला, तोंड उघडायच्या आधी. मागच्या खेपेला थायरॉइडच्या डॉक्टरांनीच दाखवलं की डोस वाढवल्यानंतरच्या आठवड्यांत माझी झोप सातवरून पाचवर आली होती. मला तर फक्त 'छान वाटतंय' एवढंच जाणवलं होतं. त्यांनी डोस एक पायरी खाली आणला, टीएसएच मर्यादेत होता तरी.

गोकर्ण_निळी

हा तक्ता मी आजच आखते. डॉक्टर, एक शंका राहिली. तुम्ही कॅल्शियम तपासायला का सांगितलंत? माझ्या कुठल्याच रिपोर्टमध्ये ते नाही.

मनडोह

थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या चार छोट्या ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. त्यांचं काम रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं. दीर्घकाळ लिथियम घेणाऱ्या काहींमध्ये त्या जास्त काम करायला लागतात आणि कॅल्शियम चढतं. मग थकवा, बद्धकोष्ठता, उदासी, खूप तहान, विसरभोळेपणा. म्हणजे पुन्हा तेच: डिप्रेशन वाटेल, नाहीतर थायरॉइडची गोळी कमी पडतेय असं वाटेल. टीएसएच नॉर्मल आणि तरी ही लक्षणं असतील तर कॅल्शियम बघितलंच पाहिजे. साधी रक्ताची तपासणी आहे, पुढच्या वेळी टीएसएचसोबत लिहून घ्या. वाढलेलं आलं तर पॅराथायरॉइड हार्मोन तपासतात.

गोकर्ण_निळी

तहान मला खूप लागते, पण ती लिथियममुळे असं धरून चालले होते. सोमवारी रक्त देणार आहे, कॅल्शियमही लिहून घेते. रिपोर्ट आला की इथे टाकते.